चेक वटेपर्यंत

‘उधारीचे पोते, सव्वा हात रिते’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. उधारीने घेतलेला माल मापाला नेहमी थोडा कमीच भरतो, असा तिचा सरळ अर्थ. ही म्हण घेणाऱ्याच्या बाजूने रचलेली आहे; पण देणाऱ्याच्या बाजूनेही ती तितकीच खरी आहे. माल आज गेला आणि पैसे पंधरा दिवसांनी आले, तर ते पैसेही सव्वा हात रिते होऊनच येतात. ही गोष्ट मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात शिकण्याआधी आमच्या छापखान्यातल्या एका वहीतून शिकलो. प्रस्तुत लेखात त्या वहीच्या आधाराने, लहान धंद्याला कागदी चेकचा जाच काय होता, विद्युत मार्गाने येणाऱ्या पैशाने तो किती कमी केला आणि काय तसेच राहिले, याचा विचार करावयाचा आहे.

वहीतील एक नोंद

आमचा छापखाना लहान आहे. एक ऑफसेट यंत्र, एक कटिंग मशीन, यंत्रावरचे एक काका, एक बाइंडर आणि हंगामात घड्या घालायला येणाऱ्या तीन-चार बायका, एवढाच पसारा. लग्नपत्रिका, बिलबुके, हँडबिले, शाळांच्या डायऱ्या व प्रगतिपुस्तके ही कामे. बाबांच्या टेबलावर लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांब वही असते. तिच्यात चेक कोणाचा, किती रकमेचा, हाती कधी आला, बँकेत कधी भरला आणि वटला कधी, असे रकाने त्यांनी हाताने आखलेले आहेत. शेवटच्या रकान्याला त्यांनी नाव दिले आहे ‘खरे पैसे’.

त्या वहीतील जून २०१८ ची एक नोंद अशी आहे. एका मोठ्या गिऱ्हाइकाने ४८,००० रुपयांचा चेक शुक्रवारी, ८ तारखेला संध्याकाळी दिला. ९ तारीख हा महिन्याचा दुसरा शनिवार, बँक बंद. दहाला रविवार. सोमवारी अकराला बाबांनी दुपारी यंत्र काकांवर सोपवून चेक बँकेत भरला. बुधवारी तेराला तो परत आला. सोबतच्या चिठ्ठीवर कारण होते, सही जुळत नाही. गिऱ्हाइकाकडे चौकशी केली तेव्हा सही करणारे गृहस्थ परगावी गेलेले. नवा चेक वीस तारखेला हाती आला, एकवीसला भरला, बावीसला पैसे खात्यावर जमा झाले. म्हणजे देणे कबूल झाल्यापासून चौदा दिवस. यात कोणी लबाडी केली नव्हती. गिऱ्हाईक प्रामाणिक होते, त्यांच्या खात्यात पैसेही होते. तरीही चौदा दिवस गेले.

आता हिशेब मांडू. ४८,००० रुपयांवर द.सा.द.शे. १२ दराने चौदा दिवसांचे व्याज होते सुमारे २२१ रुपये. परत आलेल्या चेकबद्दल बँकेने घेतलेले शुल्क वेगळे. परीक्षेत हे उत्तर लिहिले तर गुण मिळतील. पण ते उत्तर चुकीचे आहे. कारण आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडतात. त्या आठवड्यात एका शाळेच्या डायऱ्यांचे काम आमच्याकडे आले होते. कागदाच्या व्यापाऱ्याकडे आमची जुनी बाकी होती, त्यामुळे तो रोखीशिवाय नवा माल सोडायला तयार नव्हता. चेकचे पैसे आले नाहीत म्हणून कागद आला नाही, कागद आला नाही म्हणून काम दुसऱ्या छापखान्याकडे गेले, आणि पुढल्या वर्षीही ते तिकडेच राहिले. शनिवार हा आमच्याकडे पगाराचा दिवस. सोळा तारखेचा पगार बाबांनी शेजारच्या किराणा दुकानदारांकडून हातउसने घेऊन केला. मी तेव्हा शाळेत होतो. पगाराची पाकिटे भरताना बाबांनी नोटा दोनदा मोजल्या, एवढे मला स्पष्ट आठवते.

लहान धंद्यात उशिराची किंमत व्याजात मोजता येत नाही, हा या नोंदीचा पहिला धडा. मोठ्या कारखान्याला चौदा दिवसांचा उशीर म्हणजे व्याजाचा एक आकडा असतो. ज्याच्याजवळ खेळते भांडवल एका महिन्याला पुरेल एवढेही नसते, त्याला तोच उशीर हातातले काम सोडायला लावतो.

चेक वटतो म्हणजे काय होते?

चेक म्हणजे पैसे नव्हेत. तो खातेदाराने आपल्या बँकेला दिलेला हुकूम आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात त्याची व्याख्या आहे. आपण चेक आपल्या बँकेत भरतो, पण हुकूम दुसऱ्या बँकेला असतो. म्हणून तो कागद तिथवर पोहोचावा लागतो, तिने सही, तारीख, रक्कम व शिल्लक पाहावी लागते आणि मग दोन्ही बँकांचा हिशेब मिटावा लागतो. या व्यवस्थेला समाशोधन, आपल्या बोलण्यातले क्लिअरिंग, म्हणतात. तिच्यामागची कल्पना सुंदर आहे. समजा, एका बँकेला दुसरीचे दहा लाख देणे आहे आणि दुसरीला पहिलीचे आठ लाख. अठरा लाखांची ने-आण करण्याचे कारण नाही; दोन लाख इकडून तिकडे गेले की सारे चेक मिटले.

अडचण होती ती कागदाच्या प्रवासाची. परगावच्या बँकेवरचा चेक असेल तर तो टपालाने जाई आणि त्याचे पैसे यायला आठवडे लागत. पुढे चेकच्या तळाशी चुंबकीय शाईचे आकडे आले. त्यांतील नऊ आकड्यांच्या संकेतांकात पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे व शेवटचे तीन शाखेचे असतात, आणि ते यंत्राला वाचता येतात. त्यानंतर चेकचा प्रवासच थांबवण्यात आला. कागद भरणाऱ्याच्या बँकेतच ठेवायचा आणि त्याचे फक्त छायाचित्र पुढे पाठवायचे, ही पद्धत २००८ मध्ये दिल्लीत, २०११ मध्ये चेन्नईत व २०१३ मध्ये मुंबईत सुरू झाली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर रिझर्व्ह बँकेने चेकचे गठ्ठे करून थांबण्याची पद्धतही मोडली. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत आलेला चेक लगेच पुढे जावा आणि देणाऱ्या बँकेने त्याच संध्याकाळी सातपर्यंत होय किंवा नाही सांगावे, अशी व्यवस्था लागू झाली.

म्हणजे चेक मंद आहे, ही तक्रार पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. पण बँकेत जाऊन यायचे हेलपाटे, सहीतला फरक, रकमेतली खाडाखोड, तीन महिन्यांची मुदत (१ एप्रिल २०१२ पूर्वी ती सहा महिन्यांची होती), आणि मुख्य म्हणजे ‘वटेल की नाही’ ही टांगती तलवार, या गोष्टी कागदाबरोबर राहिल्याच. शिवाय चेक लिहिला जाण्यापूर्वीचा काळ कोणत्याच यंत्राने मोजला नाही. ‘साहेबांची सही व्हायची आहे’, ‘चेकबुक संपले आहे’, ‘सोमवारी माणूस पाठवा’ ही वाक्ये बाबांना पाठ आहेत. त्यांच्या वहीत त्यासाठी रकाना नाही. असता तर तो सर्वांत रुंद ठरला असता.

घंटा वाजते आणि पैसे येतात

विद्युत मार्गाने पैसे पाठवण्याच्या सोयी आपल्या देशात एकामागून एक आल्या. मोठ्या रकमांसाठी आर.टी.जी.एस. २००४ मध्ये, सर्वसाधारण रकमांसाठी एन.ई.एफ.टी. २००५ मध्ये, तत्काळ पैसे पोहोचवणारी आय.एम.पी.एस. २०१० मध्ये आणि ज्यामुळे हे सारे सामान्य माणसाच्या खिशात आले ते यूपीआय २०१६ मध्ये. प्रारंभी एन.ई.एफ.टी. बँकेच्या वेळेतच चाले. १६ डिसेंबर २०१९ पासून ती अहोरात्र झाली. पुढच्याच डिसेंबरात आर.टी.जी.एस.ही झाली. दुसरा शनिवार आणि रविवार या दोघांची सत्ता अशा रीतीने संपुष्टात आली. आमच्या वहीतील ती जूनची नोंद दोन वर्षांनंतरची असती, आणि गिऱ्हाइकाने चेकऐवजी हा मार्ग धरला असता, तर शुक्रवारचे पैसे शुक्रवारीच आले असते.

आमच्या टेबलावर क्यूआरची पाटी २०२० च्या टाळेबंदीनंतर आली. आरंभी बाबांचा त्यावर विश्वास नव्हता. गिऱ्हाइकाने फोन दाखवला तरी ते म्हणत, “थांबा जरा, बँकेचा संदेश येऊ द्या.” पुढे रक्कम मोठ्याने सांगणारी पेटी आली आणि यंत्राच्या खडखडाटातही काकांना कळू लागले की पत्रिकांचे पैसे आले. लग्नपत्रिकेचे गिऱ्हाईक पूर्वी आगाऊ रक्कम द्यायला ‘उद्या येतो’ म्हणे. आता नमुना पसंत पडला की उभ्याउभ्या पैसे देते. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयने घेतलेल्या पैशांवर दुकानदाराला व्यवहारशुल्क लागत नाही, हाही लहान धंद्याला मोठा आधार झाला. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले व त्यांची रक्कम सुमारे २४.८५ लाख कोटी रुपये होती. भागाकार केला तर सरासरी व्यवहार साडेबाराशे रुपयांच्या आतच येतो. म्हणजे ही सोय खरोखरच लहान रकमांची, लहान माणसांची आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. यूपीआयमध्ये दोघांच्या खात्यांत नोंद काही क्षणांत होते, पण बँकांचा आपसातला हिशेब मात्र जुन्याच रीतीने, देणे-घेणे वजा करून, दिवसातून अनेक वेळा मिटवला जातो. समाशोधन संपलेले नाही. त्याची वाट पाहण्याचे काम दुकानदाराकडून काढून बँकांकडे दिले गेले, एवढाच बदल झाला. पण तो ‘एवढाच’ बदल आमच्यासारख्यांना फार मोठा आहे.

नव्या मार्गाच्या नव्या ठेचाही आहेत. पैसे पाठवल्याचे खोटे चित्र दाखवून माल नेणारे भामटे असतात. जाळे बंद पडले की दुकान अडते. चुकीच्या क्रमांकावर गेलेली रक्कम परत मिळवणे कष्टाचे असते. पण सावधगिरी बाळगली तर या ठेचा टाळता येतात. खरा प्रश्न निराळाच आहे.

कागदात आणखी काय होते?

गेल्या वर्षी मी बाबांना विचारले, “आता चेक घेणे बंदच का करत नाही?” त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत क्लिप लावून ठेवलेले पुढल्या तारखांचे तीन चेक होते. मग ते म्हणाले, “आणि असेच दोन माझे कागदवाल्याच्या खणात आहेत. ते नसतील तर तो मला कागद देईल का?”

या उत्तराने माझी विचाराची दिशा बदलली. पैशाची कार्ये शिकताना आपण विनिमयाचे साधन आणि विलंबित देण्यांचे साधन अशी दोन वेगळी कार्ये पाठ करतो. चेकचा कागद व्यवहारात ही दोन्ही कामे करत आला आहे. आजची तारीख घातली तर तो पैसे पोहोचवतो. पुढली तारीख घातली तर तो वचन सांभाळतो. आपल्या जुन्या सराफांनी हा भेद पुरता ओळखला होता. दाखवताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी आणि ठरल्या मुदतीने द्यायचे ती मुदती हुंडी. या दृष्टीने पाहिले तर यूपीआय ही आजची दर्शनी हुंडी आहे आणि बाबांच्या खणातले चेक ही मुदती हुंडी. कायद्याच्या काटेकोर अर्थाने चेक मागताक्षणीच देय असतो, म्हणून पुढल्या तारखेचा चेक त्या तारखेपर्यंत पुरता चेक नसतोच. पण बाजाराने त्याला मुदती हुंडीची जागा केव्हाच दिली आहे.

या वचनाला कायद्याचे बळ आहे. १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू झाले. खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत आला, तर तसे कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची. देणाऱ्याला पंधरा दिवसांची संधी. तरीही पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागदावर हे बळ मोठे आहे. प्रत्यक्षात सर्वोच्च न्यायालयानेच २०२१ मध्ये नमूद केले की, २०१९ अखेर देशात प्रलंबित असलेल्या २ कोटी ३१ लाख फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाख १६ हजार खटले याच कलमाखालचे होते. एवढ्या गर्दीत आमच्यासारख्या छापखान्याला न्याय मिळेपर्यंत किती जून उलटतील, हे सांगायला नको.

तरीही भीतीचा उपयोग असतो. आमचे एक बाहेरगावचे गिऱ्हाईक पूर्वी माल नेताना पुढल्या तारखेचा चेक देई आणि त्या तारखेला खात्यात पैसे ठेवी. हल्ली ते म्हणते, “चेकची कटकट कशाला? ऑनलाइन टाकतो.” ऐकायला हे सुधारणेचे बोलणे वाटते. पण २०२३ च्या दिवाळीत नेलेल्या लेबलांचे ३६,००० रुपये ‘आज रात्री टाकतो’ या तीन शब्दांवर पुढल्या दिवाळीपर्यंत लोंबकळत राहिले. चेक असता तर तो भरता आला असता, परत आला असता तर नोटीस देता आली असती. येथे वटवायला काहीच हाती नाही. पैसा क्षणात पोहोचू शकतो, ही गोष्ट तो न पाठवणाऱ्याच्या काही कामाची नाही.

मग करावे काय?

कागदाकडे परत जावे, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. वाटेतला उशीर नव्या साधनाने संपवला, ही त्याची मोठी कामगिरी आहे. मनातला उशीर त्याला संपवता आलेला नाही, आणि तशी अपेक्षाही चूक आहे. म्हणून जे वचन चेक आपल्याबरोबर फुकट घेऊन येत असे, ते आता वेगळे मागून घ्यावे लागेल.

त्याची साधने उपलब्ध आहेत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाच्या मालाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि तक्रारीसाठी राज्यात सुविधा परिषदा आहेत. त्यासाठी लागणारी उद्यम नोंदणी २०२० पासून विनाशुल्क आहे. ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप रक्कम जावी असे संमतिपत्र विद्युत मार्गानेही देता येते. ते पैशाअभावी फसले, तर २००७ च्या देयकप्रणाली कायद्यातील कलम २५ कलम १३८ सारखेच लागू पडते. म्हणजे विद्युत पैशालाही मुदती हुंडी होता येते. आमच्या पेठेत अजून ते कोणी मागत नाही, आणि मागितले तर गिऱ्हाईक दुखावेल, ही भीती कायद्याहून बळकट आहे.

गेल्या वर्षी मी बाबांच्या मागे लागून छापखान्याची नोंदणी केली आणि आमच्या बिलाच्या तळाशी मुदतीची व व्याजाची एक ओळ छापली. दुसऱ्यांची बिलबुके वर्षानुवर्षे छापणाऱ्या आमच्याच बिलावर ती ओळ नव्हती! मग त्या बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला साधे, सौम्य पत्र लिहिले आणि नवे बिल सोबत जोडले. आठ दिवसांनी दुपारी पेटी बोलली, अठरा हजार रुपये. काकांनी यंत्र थांबवून पाहिले. बाकीचे अठरा हजार अजून यायचे आहेत.

बाबांनी त्या संध्याकाळी लाल वही उघडली. चेकचा क्रमांक, भरल्याची तारीख, वटल्याची तारीख हे रकाने कोरे सोडून त्यांनी फक्त शेवटच्या रकान्यात, ‘खरे पैसे’ या शब्दांखाली, रक्कम लिहिली. मग पट्टी घेऊन समासात एक नवा रकाना आखला आणि त्याला नाव दिले ‘कबूल तारीख’. लहान धंद्याच्या दृष्टीने चेक आणि विद्युत पैसा यांतील सारा फरक व सारे साम्य मला त्या दोन रकान्यांत दिसते. पहिला रकाना आता विज्ञानाने सांभाळला आहे. दुसरा मात्र आपला आपणच आखायचा आहे.